काट्यावर नजर

माय, येत्या रविवारी तुझा स्मृतिदिन आहे. वंदना झाल्यावर तुझ्याबद्दल चार शब्द बोलायचे असतात, ते दरवर्षी बाबाच बोलतात. या वर्षी त्यांना उभं राहून बोललं की दम लागतो, म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलंय. "तू मास्तरीन हायेस, नीट लिहिशीन," म्हणाले, आणि वर ताकीदही दिली, "जीपची गोष्ट सोडू नोको बरं. तीच तं खरी गोष्ट हाये." शाळेतून आल्यापासून मी कागद पुढ्यात घेऊन बसले आहे. जीपची गोष्ट मला तोंडपाठ आहे, गल्लीतल्या पोराटोरांनासुद्धा आहे. पण लिहायला गेले तर पहिल्याच ओळीला पेन अडलं, आणि मग जे निघालं ते हे. हे लोकांपुढं वाचायचं नाही. तुला तर वाचताही येत नव्हतं. तरी लिहिते आहे, कारण दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं हे नाही.

बाबांनी जीप आणली तेव्हा मी सातवीत होते. कचेरीची जुनी जीप लिलावात निघाली आणि कचेरीतल्याच एका कारकुनानं ती घेतली, हे आपल्या भैंसा गावात कितीतरी दिवस लोकांना खरं वाटत नव्हतं. जिनिंगवाले शेठ मोटारी घेत, ते ठीक. आपल्या वस्तीत चाकं असलेली वस्तू म्हणजे सायकल, नाहीतर कापसाची बंडी, तीही दुसऱ्याची. शेजारचे काका म्हणालेच, "हत्ती घेतला, आता पोसा." बाबांनी या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडून दिलं. त्यांच्या मनात काय होतं ते तुला ठाऊक होतं, मला फार उशिरा कळलं. निजामाच्या काळात साहेब दौऱ्यावर निघाला की बाबांचे वडील त्याच्या घोड्यापुढं पळत जायचे, पुढच्या गावाला वर्दी द्यायला. त्या माणसाच्या मुलाच्या दारात कचेरीची गाडी उभी होती. बाबा रोज सकाळी कपड्यानं तिचं नाक पुसायचे आणि तू म्हणायचीस, "पोरीचं नाक कदी पुसलं नाई एवढं." ती आली त्या दिवशी तू रांजणातलं तांब्याभर पाणी तिच्या चाकांवर ओतलंस आणि म्हणालीस, "मोठ्या तहानेची दिसून राह्यली हे." कसं कळलं होतं तुला, कोण जाणे.

कचेरीच्या ड्रायव्हरनं चावी देताना बाबांना एकच गोष्ट बजावली होती. "बाकी काही मोडलं तं दुरुस्त होते. पन इंजिनातल्या पान्याले जपा. इंजिन तापलं अन् त्याचं वरचं हेड फाटलं तं समजा जीप गेली." बाबा साहेबाला घाबरायचे नाहीत, सापाला घाबरायचे नाहीत, पण त्या दिवसापासून ते एका काट्याला घाबरायला लागले. जीपच्या समोरच्या पत्र्यावर मधोमध ते गोल मीटर होतं, इंजिनातलं पाणी किती तापलंय ते दाखवणारं. डावीकडं थंड, उजवीकडं लाल पट्टा. बाबांना रस्ता बघायचा, म्हशी चुकवायच्या, गिअर टाकायचा, त्यात काटा कुठून बघणार? म्हणून ती नोकरी तुला लागली. "तू फकस्त काट्यावर नजर ठेव," एवढंच ते म्हणाले, आणि तू पदर खोचून पुढच्या सीटवर बसलीस ती कायमची. पायांत पाण्यानं भरलेला तेलाचा डबा, हातात रेडिएटरचं झाकण धरायचं फडकं. दर थोड्या वेळानं बाबा रस्त्यावरची नजर न काढता विचारायचे, "काटा?" तू म्हणायचीस, "पाव." पुढं, "काटा?" "निम्मा." ज्वारी मोजतात तसा तू तो काटा मोजायचीस. "पाऊन" म्हणालीस की बाबा गाडी हळू करायचे, आणि "भरत आला" म्हणालीस की बाजूला घेऊन थांबायचेच. तुझ्या शब्दावर बाबा थांबत. दुसऱ्या कुठल्याही बाबतीत ते तुझ्या शब्दावर थांबल्याचं मला आठवत नाही.

मागं बसून मी मात्र सगळं बघायची. निर्मळचा घाट, सोनच्या पुलावरून दिसणारी गोदावरी, आंब्याखाली झोपलेली मेंढरं. घरी आल्यावर शेजारणी तुला विचारायच्या, "गोदावरीले पानी किती होतं वं?" तू हसायचीस. "मले काय माहीत बाई, मी तं काटा पाहून राह्यली होती." हा आपल्या घरचा विनोद झाला होता. कुणी काही विसरलं, दूध उतू गेलं, की म्हणायचं, काटा पाहून राह्यली होती. मीही खूप हसले आहे यावर. आता हसू येत नाही.

तो दिवस आता सांगते. मार्च होता, माझी आठवीची परीक्षा तोंडावर होती. बेज्जूरहून कचेरीच्या फोनवर निरोप आला की तुझ्या आईचं, म्हणजे माझ्या आजीचं, काही खरं नाही, ती तुझं नाव घेते आहे. तुझं माहेर म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक. प्राणहितेच्या काठचं जंगलातलं गाव, इकडून बस धरली की तीन ठिकाणी बदलायची. बाबा घरी आले ते धावतच. "बसनं उद्या पोचू. जीपनं आज पोचू," म्हणाले. तू भाकरी बांधल्यास, डबा भरलास, दुसराही एक डबा भरलास. आजीनं जीप अजून पाहिली नव्हती. दोन दिवाळ्या तू तिला नेऊन दाखवू म्हणत होतीस, आणि दोन्ही वेळा काहीतरी आडवं आलं होतं.

मी आजही तो रस्ता डोळे मिटून बघू शकते. आपण चाललो आहोत, जन्नारमच्या जंगलात पळस नुसता पेटला आहे, सगळा रस्ता केशरी. मी मागून ओरडते, "माय, पाय ना!" तू मान वळवत नाहीस. बाबा विचारतात, "काटा?" तू म्हणतेस, "निम्मा." तुझ्या मानेची शीर ताठ झालेली मला मागून दिसते आहे. तुझं अर्धं चित्त आईपाशी आणि अर्धं त्या काट्यापाशी. तू रडतसुद्धा नाहीस, कारण डोळ्यांत पाणी आलं तर काटा दिसणार कसा? लक्सेट्टीपेटला थांबून आपण पाणी घातलं. मंचेरियालच्या पुढं काटा पाऊण झाला. मग खाणींचा मुलूख लागला, काळी धूळ, कोळशाचे ट्रक, आणि बेल्लमपल्ली दिसायला लागली तसा तुझा आवाज आला, एकदम वरच्या पट्टीत, "थांबवा! थांबवा ना, लाल झाला काटा!"

बाबांनी गाडी बाजूला घेतली. ते स्टीअरिंग धरून बसून राहिले. तूच खाली उतरलीस, तूच बॉनेट उघडायला लावलंस, फडकं घेऊन झाकणाला हात घातलास. जवळच्या गॅरेजातला मेकॅनिक आला, तेलुगू माणूस, तुझ्याशी हिंदीत बोलला. मीटरकडं बघून त्यानं मान हलवली. "लाल में है अम्मा. आगे जंगल है, चढाई है. हेड जाएगा तो रात को बीच में क्या करोगे? सुबह खोल के देखूंगा." बाबांनी तुझ्याकडं पाहिलं. माय, हा क्षण मला अजून तसाच दिसतो. ते तुला विचारत होते. तुझी आई पुढं, आणि बाबांची जीप इथं. तू एकदा रस्त्याकडं पाहिलंस, मग जीपकडं, मग बाबांच्या तोंडाकडं. आणि म्हणालीस, "राहू द्या. जीप गेली तं पुन्हा नाई होनार. माय उद्या भेटन."

बेज्जूरची शेवटची गाडी निघून गेली होती. बाबांचे एक आतेभाऊ खाणीत कामाला होते, त्यांच्या क्वार्टरमध्ये आपण मुक्काम केला. पहाटे पहिल्या गाडीनं निघालो, कागजनगरला बदललं. पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं आणि आजीची माती झाली होती. सकाळपर्यंत वाट बघून, उन्हाळ्याचं म्हणून गावकऱ्यांनी आटोपून घेतलं होतं. मावशी तुझ्या गळ्यात पडून जे बोलली ते मी ऐकायला नको होतं. "काल दिवा लावेपर्यंत चांगली बोलून राह्यली होती वं बुढी. घडीघडी इचारे, जीप आली का? फाट्यावरून जंगलातल्या लाकडाचा ट्रक गेला तं म्हने, आली पाय माही पोरगी." तू ओट्यावर बसून राहिलीस. रेडिएटरचं झाकण धरायचं फडकं तुझ्या हातातच होतं, ते तू भैंसाहून तसंच धरून आणलं होतंस.

मेकॅनिकनं नंतर बाबांना जीप दिली ती ठीकठाक करून. रेडिएटर साफ केला, थर्मोस्टॅट म्हणतात तो, पाणी तापेपर्यंत अडवून धरणारा, काढूनच टाकला. आपल्याकडच्या उन्हात तो नसलेलाच बरा असं सगळेच मेकॅनिक म्हणतात, तसं तोही म्हणाला. हेड शाबूत होतं. आणि तिथून जीपची गोष्ट सुरू झाली. बाबा कचेरीत सांगायचे, लग्नात सांगायचे, चहाच्या टपरीवर सांगायचे. "हिनं इंजिन वाचवलं. अजून एक मैल गेलो असतो तं हेड फाटलं असतं. माय मरून राह्यली होती तिची, पन बाईनं डोळा हलवला नाई काट्यावरून." लोक तुझ्याकडं आदरानं बघायचे. कुणी ताईबाई म्हणायला लागलं. बाबांनी आयुष्यात तुझ्या हातच्या भाजीला चांगलं म्हटलं नाही, लुगड्याला म्हटलं नाही, मला शिकवलंस त्याला म्हटलं नाही. कौतुक केलं ते या एकाच गोष्टीचं, आणि ते मात्र मरेपर्यंत पुरेल एवढं केलं. तू ऐकत असायचीस. मान खाली, ओठांवर थोडं हसू. मला वाटायचं, तुला अभिमान वाटतो आहे.

मग ती संध्याकाळ. मी दहावीला होते. तू चुलीपुढं भाकरी थापत होतीस, अंबाडीची भाजी शिजत होती, मी पाटावर बसून विज्ञानाचं पुस्तक वाचत होते, मोठ्यानं, कारण मला मोठ्यानं वाचायची सवय. पाणी किती अंशांना उकळतं ते वाचलं असेन. तू थापता थापता थांबलीस. "पोरी, त्या दिसी बेल्लमपल्लीत म्या झाकन खोललं, तवा वाफ कुठं आली वं?" मी पुस्तकातून मान वर केली नाही. "वेळेवर थांबलो म्हणून नाही आली," म्हणाले. "तू काटा लाल झाल्याबरोबर सांगितलंस ना. उकळायच्या आधीच थांबलो." तू पिठाचा हात भाकरीवरून फिरवलास. "हां," म्हणालीस. "तसंच असन." आणि भाकरी तव्यावर टाकलीस. त्यानंतर तो प्रश्न तू कधी विचारला नाहीस, निदान मला तरी नाही. मीही तो विसरून गेले. माझं उत्तर किती शहाणपणाचं वाटलं होतं मला! पाणी कधीच उकळत नाही, याचा अर्थ माय चांगली नजर ठेवते. घरातला सगळा हिशेबच तसा होता. काही झालं नाही की ते तुझ्यामुळं झालं नाही.

पुढं मी शिक्षकाच्या ट्रेनिंगला असताना तू गेलीस. कावीळ म्हणाले, मग आणखी काही म्हणाले. तुझे डोळे पिवळे झालेले शेजारणीला आधी दिसले, घरात आम्हाला दिसले नाहीत. ते मी इथं लिहीत बसत नाही. तुला दवाखान्यात नेलं ते जीपमधूनच, मागच्या बाकावर आडवं करून. पुढच्या सीटवर त्या दिवशी कुणी नव्हतं, आणि बाबांनी सवयीनं विचारलं, "काटा?" मागून, डोळे मिटलेले असताना, तू म्हणालीस, "मले दिसत नाई ना हो आता."

आता मागच्या महिन्यातलं. बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, त्यामुळं जीप मीच चालवते. बाई जीप चालवते म्हणून भैंसाच्या बाजारात लोक अजून वळून बघतात, बघोत बिचारे. काटा अधूनमधून लाल व्हायचा आणि मी थांबायची, पाणी घालायची, जसं घरात चालत आलं होतं तसं. पण त्या दिवशी सकाळी गारठा होता, शाळेच्या रस्त्याला लागून जेमतेम जिनिंगची भिंत ओलांडली, आणि काटा सरळ लाल पट्ट्यात. एवढ्यात इंजिन तापेल कसं? मी झाकणाला फडकं लावून उघडलं. वाफ नाही. बोट बुडवलं. अंघोळीच्या पाण्याएवढंसुद्धा गरम नव्हतं. शाळेत मुलांना शिकवते तेच मी घरी करायचं विसरले होते, म्हणजे विश्वास ठेवायच्या आधी मोजून बघणं. प्रयोगशाळेतला थर्मामीटर रुमालात गुंडाळून आणला आणि अंगणात जीप चालू ठेवून रेडिएटरच्या तोंडात धरला. पारा कोमटाच्या घरात आणि काटा लाल.

मग शोधाशोध सुरू झाली. पाण्याची गरमी मीटरला कळवणारा एक छोटा सेन्सर इंजिनात असतो, हे पुस्तकात मिळालं, पण या जीपमध्ये तो नेमका कुठं ते कळेना. इतक्या वर्षांचं तेल आणि धूळ बसून सगळं एकाच रंगाचं झालं होतं. ब्लॉकच्या बाजूला एक वायर सापडली, ती काढली, तर ऑइलच्या मीटरचा काटा पडला. तो सेन्सर दुसराच होता. शेवटी वरच्या जाड रबरी पाइपाखाली, थर्मोस्टॅटच्या रिकाम्या डब्याच्या मागं, हेडमध्ये घुसवलेलं पितळी टोक हाताला लागलं. डोक्यावर एकच वायर. वायर काढल्याबरोबर काटा थंडावर पडला. म्हणजे मीटर चांगलं, वायर चांगली. खोटं बोलत होतं ते हे एवढंसं पितळ, मुलीच्या कानातल्या डुलाएवढं.

नवा सेन्सर नांदेडच्या दुकानात मिळाला. दुकानदार म्हणाला, "ताई, जीपला हा कुणी बदलतच नाही. लोक मीटर तोडून फेकतात अन् अंदाजानं चालवतात." आपण तेवढे बेफिकीर असतो तर! रविवारी बाबांना लिंबाखाली खाटेवर बसवलं आणि कामाला लागले. पाणी थोडं बादलीत काढून घेतलं, म्हणजे सेन्सर काढल्यावर सांडू नये. जुना निघेना, रॉकेल घालून तसाच ठेवला, मग पाना लावला तेव्हा कुरकुरत फिरला. टोकावर क्षाराचा पांढरा थर जाड बसलेला. नवा बसवण्यापूर्वी मला वाटलं, दोन्ही एकदा तपासून बघावे, मास्तरणीची खोड. एका पेल्यात कोमट पाणी घेतलं, तू मला ताप आल्यावर अंग पुसायला घ्यायचीस तेवढं कोमट. जुन्याला जीपची वायर जोडली, त्याच्या अंगाला दुसरी वायर बांधून जीपच्या पत्र्याला लावली आणि त्याचं टोक पेल्यात बुडवलं. खाटेवरून बाबांचा आवाज आला, "काटा?"

काटा लाल होता. पेल्यातल्या कोमट पाण्यावर काटा लाल पट्ट्याच्या टोकाला जाऊन चिकटला होता. मी टोक पुसून पुन्हा बुडवलं, काटा तिथंच. बाबांनी पुन्हा विचारलं, "काटा, पोरी?" मी जुना काढला, नवा जोडला, त्याच पाण्यात बुडवला. "पाव," म्हणाले.

मला तेव्हाच तुझी ती संध्याकाळ आठवली, चुलीपुढची. वाफ कुठं आली वं? तुला कळलं होतं, माय. झाकण तू उघडलं होतंस, तुझ्या हाताला कळलं होतं. आणि मी तुला पुस्तकी उत्तर देऊन गप्प केलं, की तुझा जीव शांत केला, हे मला अजून ठरवता येत नाही. इतक्या वर्षांत पाणी एकदाही उकळलं नाही, कारण ते कधी तापतच नव्हतं. तू पळस पाहिला नाहीस, गोदावरी पाहिली नाहीस, आणि त्या दिवशी पुढं गेलो असतो तर दिवा लावायच्या आधी आपली जीप फाट्यावर वाजली असती. आजीनं ओळखलं असतं. मला याचा इतका राग येतो की कुणावर काढू ते समजत नाही, पितळाच्या तुकड्यावर माणसानं किती रागवावं.

नवा बसवला. चुडीवर, म्हणजे त्याच्या आट्यांवर, पांढऱ्या टेपचा एकच वेढा दिला, जास्त दिला तर इंजिनाच्या लोखंडाशी जोड लागत नाही. पितळ आहे म्हणून बेतानं आवळला, पाणी भरलं, इंजिन चालू केलं. काटा सावकाश चढला आणि पावाच्या थोडा पुढं जाऊन थांबला. मी हात धुऊन बाबांपाशी गेले. "काय होतं वं?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "काही नाही बाबा. वायर ढिली झाली होती." ते चष्मा काढून धोतरानं पुसायला लागले, आधीच दिसत नाही त्यांना. मग खाली बघत म्हणाले, "वायरच ना?" "हो." "आत्ताच ढिली झाली असन. तवा नसन ढिली. तवा तं इंजिन खरंच तापलं होतं." त्यांचा हात चष्म्यावर थांबला होता. ते उत्तराची वाट बघत होते, बेल्लमपल्लीच्या रस्त्यावर तुझ्याकडं बघत होते तसे. "हो बाबा," मी म्हणाले. "आत्ताच ढिली झाली. तेव्हा खरंच तापलं होतं." मग त्यांनी चष्मा लावला आणि म्हणाले, "म्हनून म्हनतो, तुह्या मायनं वाचवलं इंजिन."

कालच त्यांना घेऊन डॉक्टरकडं गेले होते. ते पुढच्या सीटवर, तुझ्या जागी. काट्याकडं आता कुणी बघायची गरज नाही, तो बिचारा जागचा हलत नाही. तरी निर्मळच्या रस्त्याला लागल्यावर त्यांनी विचारलंच, "काटा?" आणि मी न बघता म्हणाले, "निम्मा."

जुना सेन्सर मी फेकलेला नाही. त्या फडक्यात बांधून तुझ्या ट्रंकेत ठेवलाय, लुगड्यांच्या खाली, बाबांचा हात जात नाही तिथं. हा कागदही तिथंच ठेवीन. रविवारी वाचायचा कागद मला आता लिहायला घ्यायचा आहे, चार ओळींचाच. तुला एक सांगून ठेवते, माय. त्यात लिहीन की तू इंजिन वाचवलंस.